काकाजींचा स्कॉटलंडातला ताण

आमच्या अमरावतीच्या घरमालकांनी आयुष्यात एकच किल्ला मनापासून पाहिला. तो स्कॉटलंडात होता, आणि त्याचं पाणी त्यांनी भर शनिवारी, आत एक लग्न लागत असताना, बंद करून टाकलं. मी त्यांच्यासोबत होतो. इतकी वर्षं त्यांचा भाडेकरू असूनही हे काय चाललंय ते मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि त्याबद्दल माझी बायको मला अजून बोलते.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. ठेंगणे, काळेसावळे, बारा महिने पांढरा लेंगा आणि खिशाचं बनियन. वरूडजवळ त्यांची हजार झाडांची संत्र्याची बाग होती. अमरावतीतलं घर त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी बांधलं होतं आणि आठवड्यातून तीनदा ते बसने बागेत जाऊन येत. बागेने त्यांना जे काही शिकवलं होतं ते एका शब्दात मावत होतं. तो शब्द म्हणजे ताण.

संत्र्याच्या बागेला हिवाळ्यात ताण देतात. महिना-दीड महिना झाडाचं पाणी बंद करायचं. याला ‘पाणी तोडणं’ म्हणतात. झाड कोमेजतं, पानं पिवळी पडतात, थोडी गळतातही. मग नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, म्हणजे ताण तोडायचा. झाड खडबडून जागं होतं आणि फुलांनी भरून जातं. वरूडकडच्या कुठल्याही बागाईतदाराला हे ठाऊक असतं आणि तो ते फक्त संत्र्याला करतो. काकाजी सगळ्यांनाच करायचे.

आम्ही राहायला गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी नळ कोरडा पडला. मी खाली गेलो. काकाजी अंगणात बाजेवर बसून संत्रं सोलत होते.

“काकाजी, वर पाणी येत नाहीये.”

“येणार नाही. मी तोडलं.”

“का पण?”

“नवीन आहा तुमी. आल्या-आल्या पाणी-पाणी केलं तं मूळ खाली जात नसते, वरतंच लोळते. दोन दिवस कळ काढा, मास्तर. मंग पाहा, तुमी इथून हालणार नाही.”

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, पण काकाजींच्या लेखी शिकवणारा प्रत्येक जण मास्तर होता. दोन दिवस आम्ही समोरच्या वकिलांच्या घरून बादल्या आणल्या. त्या बादल्यांच्या निमित्ताने वकिलीणबाईंची आणि माझ्या बायकोची गट्टी जमली, माझं वकिलांबरोबर संध्याकाळचं फिरणं सुरू झालं, आणि आम्ही खरोखरच अकरा वर्षं तिथून हाललो नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला काकाजी आम्हाला पुरावा म्हणून दाखवायचे.

या पाण्याची चावी हा त्यांचा जीव होता. फाटकाजवळ जमिनीत व्हॉल्व्ह होता, तो फिरवायला त्यांनी लोहाराकडून दीड हात लांबीची, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी मुद्दाम करून घेतली होती. ती बाजेखाली असायची. गावाला जाताना ते घराची किल्ली काकीजींकडे ठेवत आणि ही चावी सोबत नेत.

ताण कोणाला मिळेल याचा नेम नसे. पाहुणा आला की त्याचा चहा पाऊण तासाने यायचा, कारण तेवढ्या वेळात पाहुण्याला चहाची किंमत कळते. स्कूटरला दर पौषात पंधरा दिवस हात लावायचा नाही, मग ती एका किकमध्ये सुरू होते असा त्यांचा दावा होता. ती होत नसे. मग ते म्हणायचे, ताण कमी पडला. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून ठेवलेले असायचे. एकदा दात दुखत होता, तर दातांच्या डॉक्टरला ताण द्यायचा म्हणून तीन वेळा त्यांनी वेळ ठरवून ऐनवेळी जायचं टाळलं. चौथ्यांदा डॉक्टरनेच त्यांना वेळ दिली नाही. काकाजी खूश होऊन घरी आले आणि म्हणाले, “आता समजलं त्याले.” दात आणखी महिनाभर दुखला.

एकदाच काकीजींनी त्यांना ताण दिला होता. कशावरून तरी बिनसलं आणि त्या चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी काकाजींनी स्वतः पोहे केले, कढईसकट आमच्या दारात घेऊन आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, “पाहा बरं खाऊन. मीठ कुठी ठेवते ते, मले दिसलं नाही.” पोहे बिनमिठाचे होते. काकीजींनी ते न बोलता संपवले आणि मग बोलायला लागल्या. इतकं होऊनही ताण तोडणं हे देणाऱ्याचं काम असतं, ही गोष्ट काकाजींच्या डोक्यात शिरली नाही.

ती शिरायला हवी होती, कारण त्या वेळी त्यांचा सगळ्यात मोठा ताण सुरू झाला होता. तो त्यांनी मुलीला दिला होता.

मुलीचं नाव बेबी. एकुलती एक. अकोल्याला कृषी विद्यापीठात बागकाम शिकली, सुट्टीत वरूडला जाऊन बापाच्या मागे बागेत फिरायची. झाडाला हात न लावता नुसतं पान पाहून ती पाण्याचा अंदाज सांगायची, आणि तो बरोबर निघाला की काकाजी गल्लीभर सांगत सुटायचे. मग ती दोन वर्षांच्या कोर्ससाठी स्कॉटलंडला गेली. काकाजींनी स्वतः नागपूरला विमानतळावर सोडलं. कोर्स संपला आणि बेबीने कळवलं की तिला तिथेच, एडिंबरा शहराच्या बाहेर एका जुन्या किल्ल्याच्या बागेत, नोकरी मिळाली आहे. तिथे काचेचं एक मोठं घर होतं, त्यात झाडं होती, आणि त्यांत संत्र्याचं एकच झाड होतं.

“माह्यी हजार झाडं इथं उभी आहेत,” काकाजी मला म्हणाले, “अन् हे पोट्टी तिथं दुसऱ्याच्या एका झाडाले पाणी घालून राहिली. बोलणार नाही मी तिच्यासंग. येईल वापस. ताण बसला का सगळे येतात.”

बेबी आली नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, चौथं लागलं. काकीजी दर रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन, फोन डब्याला टेकवून, मोठ्या आवाजात लेकीशी बोलायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून वर यायच्या. आणि त्याच वेळी काकाजी बरोबर आमच्या खिडकीखाली स्कूटर पुसायला बसायचे. पौषातसुद्धा. बोलणं संपेपर्यंत फडकं एकाच जागेवर फिरत राहायचं. फोन बंद झाला की ते उठायचे. हे आम्हाला ठाऊक होतं, काकीजींना ठाऊक होतं, वकिलांकडेही ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं. मला त्यांचा राग यायचा, आणि खिडकीतून ते वाकलेलं डोकं दिसलं की राग टिकायचा नाही.

अशात एडिंबरातल्या एका चर्चासत्रात माझा निबंध स्वीकारला गेला. मी ही बातमी बायकोला सांगितली. त्याच संध्याकाळी काकाजी वर आले.

“मास्तर, तिकडं जाऊन राहिले म्हणते तुमी. मीबी येतो. किल्ले पाहाचे आहेत मले.”

गाविलगड आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. काकाजी सत्तर वर्षांत तिथे गेले नव्हते. नरनाळा तर त्यांना कुठल्या दिशेला आहे तेही सांगता आलं नसतं. पण व्हिसाच्या अर्जात प्रवासाचं कारण म्हणून त्यांनी माझ्याकडून ‘किल्ले पाहणे’ असंच लिहून घेतलं आणि पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. काकीजी आतून ऐकत होत्या. त्यांनी फक्त तीळ-खोबऱ्याच्या लाडवांचा डबा भरून माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, “किल्ल्यात कोणी भेटलं तं द्या.”

बॅगेत त्यांनी दोन लेंगे, एक कोट आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली ती लोखंडी चावी घेतली. हे मला विमानतळावर कळलं. तपासणाऱ्याने हे काय म्हणून विचारलं.

“चावी.”

“कशाची?”

“पाण्याची.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, यांना सवय आहे. त्याने काय समजून घेतलं कोण जाणे, पण चावी मोठ्या बॅगेत गेली. विमानात हवाईसुंदरी पाणी घेऊन आली तेव्हा काकाजींनी ग्लास हाताने दूर केला. “सांगा तिले, मी ताणावर आहो. नव्या मुलखात कोरडं जावं लागते, तरच मानवते.” मी तिला उपवास आहे असं सांगितलं. तिने पुढे दर तासाला येऊन त्यांच्याकडे काळजीने पाहिलं.

एडिंबरा काळ्या दगडाचं शहर आहे. मध्येच एक खडक उठतो आणि त्यावर किल्ला. रस्ते चढतात, उतरतात, एका रस्त्याच्या पोटाखालून दुसरा निघतो. मी भारावून वर पाहत होतो. भुरभुर पाऊस पडत होता. काकाजींनी हात पुढे करून तळव्यावर तो घेतला.

“हा पाऊस नाही, मास्तर. तुषार सिंचन आहे. कोणी बंद कराचंच विसरलं.”

किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पाणी कुठून चढवत असतील वरतं?” आत जुन्या राजांचा मुकुट ठेवला होता, लांब रांग होती. मी रांगेत लागलो. काकाजी म्हणाले, “मुकुटाले काय पाहाचं?” आणि कुठेतरी गेले. मुकुट पाहून आलो तर ते एका जुन्या खोल विहिरीच्या जाळीवर ओणवे झाले होते. अर्धा तास झाला होता. बाजूला दोन जपानी पर्यटक, आत नक्की काहीतरी असेल म्हणून त्यांच्यासारखेच वाकले होते.

“विहीर चांगली आहे,” काकाजी म्हणाले. “बाकी सारं उगंच बांधलं.”

तेवढ्यात तोफ कडाडली. तिथे रविवार सोडून रोज एक वाजता तोफ उडवतात, पूर्वी जहाजांना वेळ कळावी म्हणून. सगळे दचकले, हसले, फोटो काढू लागले. काकाजी शांतपणे खाली बसले आणि पिशवीतून पोळीची गुंडाळी काढली. “एकची तोफ म्हणजे जेवाची सुट्टी. बरी सोय आहे.” त्या दिवसापासून आम्ही असू तिथे एक वाजता ते खाली बसायचे, मग तो दुकानाचा दरवाजा का असेना.

दुसऱ्या दिवशी माझा निबंध होता. तिसऱ्या दिवशी सकाळी काकाजी कोट घालून तयार. “हा किल्ला झाला. आता आजूबाजूचे पाहू.”

“कुठला पाहायचा?”

“कोणताबी. हे घ्या, एक असंच लिहून आणलं होतं.”

त्यांनी बनियनच्या खिशातून कागद काढला. घडीघडीला फाटायला आलेला होता. त्यावर त्यांच्या अक्षरात, देवनागरीत, बेबीच्या किल्ल्याचं नाव होतं. खाली बसचा नंबर. त्याखाली कुठल्या थांब्यावर उतरायचं, दगडी पुलावरून डावीकडे. त्याखाली ‘सोम-बुध सकाळ, गुरू-शनि दिवसभर, रवि सुट्टी’. हे सगळं त्यांनी चार वर्षं आमच्या खिडकीखाली बसून, रविवारच्या एकेका वाक्यातून जमवलं होतं. मी कागद वाचला आणि परत दिला. मग त्या नंबरच्या बसचा थांबा शोधायला निघालो.

तो किल्ला लहानसा, तपकिरी, दोन बुरुजांचा होता. पण बाग मोठी. कातरलेल्या कुंपणांच्या ओळी, मधोमध कारंजं, भिंतीला टेकवून वाढवलेली सफरचंदाची झाडं, आणि एका टोकाला काचेचं घर. काकाजी कशाकडेही न पाहता सरळ काचघराकडे निघाले. “कसं काय, इकडंच रस्ता दिसून राहिला,” असं मलाच सांगत होते.

बेबी आत होती. हिरवा कोट, गुडघ्यापर्यंत बूट, हातात झारी. समोर लाकडी कुंडात संत्र्याचं झाड. आम्ही येणार हे तिला काकीजींनी कळवलं होतं, तरी तिच्या हातातली झारी वाकडी होऊन पाणी बुटावर पडत राहिलं. काकाजी थांबले. मग त्यांनी मुलीकडे पाठ केली आणि झाडाकडे पाहायला लागले.

“मास्तर, विचारा तिले. फळ धरते का हे?”

मी बेबीकडे वळलो. “फळ धरतं का विचारतायत.”

“सांगा त्यांना,” बेबी म्हणाली, तीही झाडाकडेच पाहत होती, “लय वर्षं झाली. फूलच नाही येत.”

“लय वर्षं फूल आलेलं नाही,” मी काकाजींना सांगितलं. ते दोघे एकमेकांपासून चार हातांवर उभे होते.

“पाणी किती देते?”

“पाणी किती देतेस?”

“आठवड्यातून दोनदा. इथला नियमच तसा आहे म्हणा.”

असं वीस मिनिटं चाललं. मी वऱ्हाडीचं मराठी करून वऱ्हाडी माणसाला सांगत होतो. मध्येच मुख्य माळी आला. सहा फुटी, लाल दाढी, नखांत माती. नखं पाहून काकाजींना तो एकदम पटला. हे काय बोलतायत म्हणून त्याने मला विचारलं, तेव्हा मला इंग्रजीतही तेच सुरू करावं लागलं. शेवटी काकाजींनी निर्णय दिला.

“लाडावलं आहे हे झाड. ताण पाहिजे. पाणी तोडा म्हणा.”

मुख्य माळी हसला आणि म्हणाला, या बागेत झारी कधी थांबत नाही, ती पद्धत त्याच्या आधीच्या माळ्याच्याही आधीपासून आहे. काकाजींना ते मी सांगितलं. ते काचघराबाहेर निघून गेले. निघताना मी लाडवांचा डबा बेबीच्या हातात दिला. काकाजी कुंपणाशी वाकून जमिनीत काहीतरी पाहत होते. मला वाटलं माती पाहतायत.

शुक्रवारी ते म्हणाले, पाय दुखतात, आज कुठे जायला नको. शनिवारी सकाळी म्हणाले, तोच किल्ला परत पाहू, एका दिवसात पुरा होत नाही. कोटाच्या आतून काहीतरी कडक टोचत होतं, म्हणून ते बसमध्ये तिरके बसले. मी विचारलं नाही. इथेच माझी चूक झाली.

त्या दिवशी किल्ल्यात लग्न होतं. घागऱ्यासारखे चौकड्यांचे कपडे घातलेले पुरुष, बगलेत पिशवी दाबून वाजवायचा मशकबाजा, टोप्या घातलेल्या बायका. नवरा-नवरी कारंज्यासमोर फोटोला उभे. मी त्यांच्याकडे पाहण्यात गुंगलो. काकाजी जरा जाऊन येतो म्हणाले. परत आले आणि माझ्या शेजारी बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

कारंजं खाली आलं. आधी हातभर, मग वीतभर, मग एक बुडबुडा, मग काही नाही. फोटोवाला कॅमेऱ्याआडून डोकं काढून पाहू लागला. चहाच्या खोलीतून एक बाई रिकामी किटली घेऊन बाहेर आली. स्वच्छतागृहाच्या दारात टोप्या घातलेल्या बायकांची रांग लागली आणि रांगेचा आवाज वाढला. मशकबाजावाला वाजवायचं थांबला. तोवर तेवढा एकच आवाज कानाला बरा वाटत होता.

“काकाजी,” मी म्हणालो. आता कुठे मला कळलं होतं.

“झाडाचंच तोडलं मी. व्हॉल्व्हची चौकोनी मुंडी सगळीकडं सारखीच असते. आपली चावी बराबर बसली पाहा. आता यायनं सारी लाइन एकच टाकली, तं त्यात माहा काय कसूर. दोन दिवस कळ काढा म्हणा त्यायले.”

“लग्न आहे हो तिथे.”

“ताणात लागलेलं लग्न टिकते.”

मुख्य माळी लांब ढांगा टाकत काचघराकडे गेला. आम्हीही गेलो. तो बेबीशी बोलत होता. ओरडत नव्हता, पण दाढीच्या वर चेहरा लाल झाला होता. मुख्य व्हॉल्व्ह कोणीतरी बंद करून माती सारली होती. त्याची चावी दोघांकडेच असते, त्याच्याकडे आणि बेबीकडे. त्याने फिरवला नव्हता. किल्ल्याचे मालक खाली आले की त्यांना उत्तर द्यावं लागणार. बेबी ऐकत होती. मग तिने आमच्याकडे, म्हणजे काकाजींच्या कोटाकडे, एकदा पाहिलं. तिला सगळं समजलं. ती त्याला म्हणाली, माझ्याच हातून झालं असेल, सकाळी घाईत होते.

“काय म्हणून राहिला तो?” काकाजींनी विचारलं.

“बेबीने बंद केलं असं त्याला वाटतंय. नोकरी जाईल म्हणतोय.”

“अन् ते काय म्हणाली?”

“हो म्हणाली.”

चार वर्षं काकाजींनी ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन उभं होतं. आणखी एक मिनिट गप्प बसले असते तर मुलगी पुढच्या महिन्यात वरूडला असती. बापाला शब्द टाकायची गरज नव्हती, ताण तोडायची गरज नव्हती. ते हे सगळं मोजतायत हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला त्यांची भीती वाटली. मग त्यांनी कोटाची बटणं काढली, आतून दीड हात लांबीची लोखंडी चावी ओढून काढली आणि मुख्य माळ्याच्या पुढ्यात कुंडाच्या काठावर ठेवली.

“मास्तर, इंग्रजी करा. पाणी मी तोडलं. पोट्टीचा काही संबंध नाही. तिले पान पाहून पाणी समजते, तिच्यासारखा माणूस त्याले भेटणार नाही. बराबर सांगा, आपलं काही मिसळू नका.”

मी बरोबर सांगितलं. मुख्य माळ्याने चावी उचलली, वजन पाहिलं, अमरावतीच्या लोहाराचं काम न्याहाळलं. मग का, म्हणून विचारलं. त्यावर काकाजींनी ताण हा विषय मुळापासून मांडला आणि मी तो वाक्या-वाक्याने इंग्रजीत नेला. बाहेर नवरी ताटकळत होती. पानं किती गळू द्यायची इथवर आलो तेव्हा माळ्याने चावी परत कुंडावर ठेवून, खिशातून वही काढून लिहायला सुरुवात केली होती.

आता बेबी मला मध्ये न घेता बोलली.

“बाबा, ताण दिला का मालकानं रोज बागेत जावं लागते. तुमीच शिकवलं मले. रोज पान पाहाचं. पानानं मान टाकली का पाणी सोडाचं. चार वर्षं झाले. एकदा तरी पान पाहाले आले तुमी?”

“आलो न,” काकाजी म्हणाले.

“उशीर केला तं झाड मरते.”

काकाजींनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. बुटापासून वर, केसांपर्यंत. “मेलं का?”

बेबीने डोळे पुसले. “नाही.”

“मंग दे ते चावी इकडं.”

बापलेक दोघं कुंपणाकडे गेले. चावी काकाजींनी धरली, मूठ दोघांनी मिळून फिरवली. दूर कारंजं फुसफुसलं आणि वर गेलं. लग्नातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, मशकबाजा पुन्हा सुरू झाला. मी काचघरात त्या झाडाजवळ उभा राहून रडलो, आणि मुख्य माळ्याने काही न विचारता मला एक लाडू दिला. डबा तिथेच उघडा होता. तोवर एक वाजला होता. तोफ इतक्या दूर ऐकू येत नव्हती, तरी काकाजी व्हॉल्व्हजवळच्या गवतात खाली बसलेले मला काचेतून दिसले, आणि शेजारी बेबी.

नोकरी गेली नाही. शिक्षा म्हणून चावी मात्र जप्त झाली. ती अजून त्या काचघराच्या भिंतीला टांगलेली आहे. त्यामुळे अमरावतीला परत आल्यावर आमचं पाणी कायमचं सुरू झालं, आणि नवे भाडेकरू ताण न बसल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत सोडून जाऊ लागले. काकाजींनी नवीन चावी करून घेतली नाही. काकीजींचा रविवारचा फोन खाली त्यांच्याच घरात सुरू झाला आणि माझ्या बायकोला रविवारची दुपार मोकळी मोकळी वाटू लागली.

त्या हिवाळ्यात मुख्य माळ्याने झाडाला ताण दिला, बेबीच्या देखरेखीखाली. दर रविवारी ती पानाचा फोटो पाठवायची. बोटांत धरलेलं एक पान, बस. काकाजी फोन घेऊन वर यायचे, कारण फोटो मोठा करणं त्यांना मीच शिकवलं होतं. बराच वेळ पाहायचे आणि मग सांगायचे, आणखी आठ दिवस, किंवा आता पाच. फेब्रुवारीत ताण तोडला. झाडाला फुलं आली, मोजून तीन. मुख्य माळ्याने त्यांचा वेगळा फोटो पाठवला. काकाजी म्हणाले, कमी आहेत.

मग आमचं अकोल्याला घर झालं आणि आम्ही निघालो. सामान टेम्पोत चढत होतं, तो रविवार होता. काकाजी फोन घेऊन आले आणि रिकाम्या स्वयंपाकघरात खिडकीशी उभे राहिले. पानाचा फोटो आला होता.

“काकाजी, ताण तर केव्हाच तुटला,” मी म्हणालो. “आता पान कशाला पाहायचं?”

“पान कोण पाहून राहिलं?”

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. फोटो इतका मोठा केला होता की पान बाहेर गेलं होतं. उरला होता फक्त अंगठा, मनगट आणि बांगडीची जागा.

“हात वाळला पोट्टीचा,” ते म्हणाले. “लिहा, मास्तर. पान ठीक आहे. जेवत जाय.”